जुने वाद्य, नवा धनी

दिवाळी म्हणजे नव्याचा सण. नवे कापड, नवी भांडी, पाडव्याला नवी वही. जुने असेल ते माळ्यावर चढते, नाही तर भंगारवाल्याच्या हातगाडीवर जाऊन बसते. आपल्या घरी वर्षानुवर्षे हाच रिवाज चालत आला आहे, आणि त्यात गैर काही नाही. पण जगात एक बाजार असाही आहे, की तिथे ह्याच्या अगदी उलट न्याय चालतो. तिथे कोऱ्या वस्तूला एक किंमत, आणि तीच वस्तू साठ वर्षे वापरून झिजली, तिच्यावर ओरखडे पडले, रंगाचे पोपडे उडाले, म्हणजे तिला त्याच्या कित्येक पट किंमत! मी आजीच्या शालूबद्दल किंवा मिरजेच्या जुन्या तंबोऱ्याबद्दल बोलत नाही. मी बोलतो आहे विजेवर वाजणाऱ्या गिटारीबद्दल.

पुष्कळ वाचकांना हा विषय करंजीत खडा लागावा तसा लागेल. मॅट्रिकपलीकडे न शिकलेल्या आणि फावल्या वेळात कादंबऱ्या लिहिणाऱ्या एका मास्तराने ह्या असल्या गोंगाटाच्या वाद्याबद्दल का लिहावे, असेही कोणी विचारील. त्याचे उत्तर सोपे आहे. माझा एक जुना विद्यार्थी आज टोकियोच्या निशी-कासाई भागात राहतो. नोकरीनिमित्त गेलेली पुष्कळ भारतीय कुटुंबे तिथे आहेत, आणि त्यांत मराठी माणसेही आहेत. मध्यंतरी त्याने तिथल्या एका दुकानातून वापरलेली गिटार घेतली. तिच्या पाठीवर खालच्या कडेला कोणीतरी अणकुचीदार वस्तूने आपले नाव कोरले होते. त्याने मला लिहिले, "सर, पैसे मी मोजले, पावती माझ्या नावाची आहे, पण गिटारीवर नाव दुसऱ्याचेच आहे. ते घासून काढावे का? गिटार माझी खरी, पण पुरती माझी वाटत नाही." प्रश्न लहान होता. पण मी त्याचा विचार करू लागलो तेव्हा तो गिटारीपुरता उरला नाही. पैसे देऊन आपण जी वस्तू घेतो, तिच्याबरोबर नेमके काय घेतो, आणि काय घेऊ शकत नाही?

आधी हा बाजार कसा आहे ते सांगतो. टोकियोत ओचानोमिझु नावाचा भाग आहे. ह्या नावाचा अर्थ 'चहाचे पाणी'. एके काळी तिथल्या झऱ्याचे पाणी शोगुनच्या चहासाठी नेत असत. आता तिथल्या उतरत्या रस्त्याने दुतर्फा वाद्यांची दुकाने आहेत, आणि त्यांत छतापासून जमिनीपर्यंत गिटारी टांगलेल्या असतात. नव्या असतात, तशाच जुन्याही. २०२४ साली एका डॉलरला १६० येनपर्यंत भाव घसरला, तेव्हा परदेशी गिऱ्हाइकांना ही दुकाने म्हणजे पर्वणीच वाटली. जपानी दुकानदाराची एक रीत मला फार आवडली. जुन्या गिटारीला जी चिठ्ठी बांधलेली असते, तिच्यावर गुणांबरोबर दोषही लिहिलेले असतात. पडदे किती झिजले आहेत, मान सरळ आहे की वाकली आहे, कोणता भाग मूळचा नाही, ओरखडा कुठे आहे. ज्या मालाची हमी देता येत नाही, त्यावर सरळ 'जंक' असा शेरा मारतात. माझ्या विद्यार्थ्याच्या गिटारीच्या चिठ्ठीवरही लिहिले होते: पाठीवर नाव कोरलेले आहे.

ही गोष्ट वाटते तितकी साधी नव्हे. जॉर्ज अकरलॉफ ह्या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञाने १९७० साली जुन्या मोटारींच्या बाजारावर एक निबंध लिहिला. खराब निघालेल्या मोटारीला अमेरिकेत 'लिंबू' म्हणतात. आपण दृष्ट लागू नये म्हणून मोटारीला लिंबू बांधतो, ते मोटारीलाच लिंबू म्हणतात! अकरलॉफचे म्हणणे असे, की जुन्या वस्तूचे दोष विकणाऱ्याला ठाऊक असतात, घेणाऱ्याला नसतात. म्हणून घेणारा सगळ्याच मालाकडे संशयाने पाहतो आणि कमी भाव देतो. कमी भावात चांगला माल कोणी काढत नाही, आणि शेवटी बाजारात वाईट तेवढे उरते. ह्या विचारासाठी २००१ साली त्याला दोघांसमवेत नोबेल पारितोषिक मिळाले. म्हणजे विकणाऱ्याचा खरेपणा ही निव्वळ सद्गुणाची बाब नाही, बाजार उभा राहतो तोच मुळी तिच्यावर. समुद्रापलीकडचा माणूस नुसती छायाचित्रे पाहून गिटार मागवतो, त्याच्यापाशी त्या चिठ्ठीखेरीज दुसरा आधार कोणता?

पण चिठ्ठी लाकडाबद्दल सांगते, तारांबद्दल सांगते. वाजवणाऱ्याबद्दल ती काय सांगणार?

ह्या वाद्याची रचना पाहिली तर पहिला धक्का बसतो. पोलादी तारांखाली लोहचुंबक असतात, आणि त्यांच्याभोवती केसासारख्या बारीक तांब्याच्या तारेचे हजारो वेढे. तार थरथरली की चुंबकाचे क्षेत्र हलते, वेढ्यांत विजेची लहर उठते आणि यंत्र ती मोठी करून ऐकवते. कॅलिफोर्नियातल्या फुलर्टन गावी रेडिओ दुरुस्त करणाऱ्या लिओ फेंडरने १९५४ साली स्ट्रॅटोकास्टर नावाची गिटार बाजारात आणली. तिची किंमत होती २४९ डॉलर ५० सेंट. आज त्या सालच्या अस्सल नगाला चांगल्या मोटारीहून अधिक पैसे पडतात. आणि मौज अशी, की हा फेंडर स्वतः गिटार वाजवू शकत नसे. त्याने कारागिराच्या डोळ्याने पाहिले. मान चार स्क्रूंनी बसवली, म्हणजे बिघडली तर काढून दुसरी लावता यावी. त्याच्या दृष्टीने गिटार म्हणजे सुटे भाग जोडून केलेले एक हत्यार होते. लोकांनी पुढे तिची मूर्ती केली.

जिचा प्रत्येक भाग बदलता येतो, तिचे 'तीच'पण कशात राहते? एरिक क्लॅप्टन ह्या इंग्रज वादकाने १९७० च्या सुमारास अमेरिकेत नॅशव्हिलच्या एका दुकानातून सहा जुन्या स्ट्रॅटोकास्टर घेतल्या. तीन मित्रांना वाटल्या. उरलेल्या तिन्ही सोडवून त्यांतले उत्तम तेवढे भाग एकत्र केले आणि एक काळी गिटार सिद्ध केली. ती त्याने वर्षानुवर्षे वाजवली. २००४ साली ती लिलावात गेली तेव्हा तिला ९,५९,५०० डॉलर मिळाले, आणि ते अँटिग्वा बेटावरच्या व्यसनमुक्ती केंद्राच्या कामी आले. हे वाचताना मला मिलिंद राजा आणि भिक्षू नागसेन ह्यांचा संवाद आठवला. राजा रथातून आला होता. नागसेनाने विचारले, "आस म्हणजे रथ काय? चाके म्हणजे रथ काय? जू म्हणजे रथ?" राजा प्रत्येक वेळी नाही म्हणाला. मग रथ कुठे आहे? हे सारे एकत्र आले म्हणजे त्याला रथ हे नाव मिळते, एवढेच. नागसेनाला ह्यावरून माणसाच्या 'मी'पणाबद्दल सांगायचे होते. पण गिटारीलाही ते लागू पडते. त्या काळ्या गिटारीला सुटी अशी किंमत देणारे लाकूड तिच्यात नव्हते. किंमत होती ती त्या भागांवरून फिरलेल्या हातांची. आणि हात तर विकता येत नाहीत.

हे ज्यांना कळले, त्यांतल्या काहींनी मग ती झीजच विकायला काढली. १९९५ साली फेंडर कंपनीने 'रेलिक' नावाच्या गिटारी आणल्या. त्या नव्याच असतात, पण कारखान्यातच त्यांचा रंग खरवडतात, धातूवर गंज चढवतात आणि कडा झिजवतात. असल्या गिटारी खुशाल विकल्या जातात, आणि जास्त किमतीला जातात. ही फसवणूक म्हणावी काय? मी म्हणणार नाही. चिठ्ठीवर सारे लिहिलेले असते, कोणी कोणाला गंडवत नाही. तरी पण मन कुठेतरी अडखळते खरे. आयर्लंडमधल्या कॉर्क शहरात रोरी गॅलाघर नावाच्या पोराने १९६३ साली १९६१ सालची एक वापरलेली स्ट्रॅटोकास्टर घेतली. किंमत शंभर पौंडांच्या आसपास होती, आणि तीही उधारीवर. १९९५ साली तो वारला, तोपर्यंत तो ती वाजवत राहिला. त्याच्या घामाने तिचा रंग उडाला आणि आतले लाकूड उघडे पडले. २०२४ साली लिलावात तिला आठ लाख पौंडांहून अधिक किंमत आली, आणि ती आयर्लंडच्या राष्ट्रीय संग्रहालयाला द्यायची म्हणूनच घेतली गेली. आता ह्या गिटारीवरचा उडालेला रंग आणि कारखान्यात खरवडलेला रंग दिसायला सारखे असतील. पण एक म्हणजे यज्ञानंतरची राख, आणि दुसरी नुसती चुलीतली. चुलीतली राख कपाळाला लावली म्हणून कोणी गुन्हेगार ठरत नाही. तिच्या जोरावर यज्ञ केल्याचे समाधान मात्र मिळत नाही, इतकेच.

इथपर्यंत प्रश्न आवडीनिवडीचा होता. खरा नीतीचा प्रश्न उभा राहतो तो चोरीच्या मालाशी.

कॅनडातल्या विनिपेगचा रँडी बाकमन हा पुढे नावारूपास आलेला वादक. त्याने पोरवयात नाना कामे करून चारशे डॉलर साठवले आणि १९५७ साली बनलेली नारिंगी रंगाची एक ग्रेच गिटार घेतली. तिच्यावर त्याचा इतका जीव, की हॉटेलात उतरला की तो तिला साखळीने बांधून ठेवी. तरी १९७६ साली टोरोंटोच्या एका हॉटेलातून ती चोरीस गेली. त्याने त्या जातीच्या शेकडो गिटारी जमवल्या, पण ती काही सापडली नाही. चव्वेचाळीस वर्षांनी, २०२० साली, त्याच्या एका चाहत्याने जुन्या छायाचित्रांतली लाकडाची एक लहानशी काळी गाठ हेरली आणि तशी गाठ असलेली गिटार शोधत शोधत तो थेट टोकियोला पोचला. तिथे ताकेशी नावाचा एक वादक ती वाजवताना चित्रफितीत दिसला. त्याने ती २०१४ साली टोकियोच्या एका दुकानातून रीतसर पैसे देऊन घेतली होती. चोरीची त्याला गंधवार्ताही नव्हती.

आता सांगा, गिटार कोणाची?

कायद्याला विचारले तर तो दोन तोंडांनी बोलतो. आपला १९३० चा माल विक्री कायदा इंग्रजी परंपरेतला. त्याचे मूळ सूत्र असे, की ज्याच्यापाशी स्वतःचेच स्वामित्व नाही, तो दुसऱ्याला स्वामित्व देऊ शकत नाही. चोराकडून दहा हात फिरून आलेली वस्तूही मूळ धन्याचीच राहते. सचोटीने घेणाऱ्याला काही अपवाद सोडले तर हात चोळीत बसावे लागते. जपानच्या दिवाणी संहितेचा कल वेगळा आहे. सद्भावाने घेणाऱ्याला ती संहिता संरक्षण देते. चोरी झाल्यापासून दोन वर्षांच्या आत मूळ धन्याला वस्तू परत मागता येते, आणि तीही घेणाऱ्याने बाजारातून किंवा त्या मालाच्या व्यापाऱ्याकडून घेतली असेल, तर त्याने दिलेली किंमत त्याला भरून दिल्यावरच. हे दोन्ही कायदे शहाण्या माणसांनीच केले आहेत. पहिला कायदा धन्याचे दुःख पाहतो, दुसरा गिऱ्हाइकाचा विश्वास पाहतो. चोर दोघांच्याही पकडीतून निसटलेला असतो, आणि त्याने केलेले नुकसान कोणा निरपराध माणसाच्या माथी मारायचे, एवढाच वाद उरतो.

ताकेशीला 'दोन वर्षे केव्हाच उलटली' म्हणून गप्प बसता आले असते. त्याने तसे केले नाही. तिच्यासारखीच दुसरी गिटार मिळाली तर ही परत देईन, असे तो म्हणाला. बाकमनने त्याच साली, त्याच आठवड्यात बनलेली तिची जुळी बहीणच जणू हुडकून काढली. १ जुलै २०२२ रोजी टोकियोच्या कॅनडा वकिलातीत दोघांनी गिटारींची अदलाबदल केली.

माझ्या ओळखीच्या एका गृहस्थांना मी ही हकीकत सांगितली. ते म्हणाले, "ह्यात मोठेपणा कसला? वस्तू देऊन वस्तू घेतली. हा तर व्यवहार झाला." मला हे पटत नाही. त्यागालाच तेवढे नीती म्हणायचे, ही आपली एक जुनी खोड आहे. त्यामुळे सामान्य माणसाला वाटते, की नीती आपल्या आवाक्यातली नव्हे, ती संतांची मिरास. ताकेशीने घामाचे पैसे मोजले होते, ते त्याने का सोडावे? त्याने जे केले ते ह्याहून अवघड होते. कळले नसते तर बरे झाले असते, असे वाटण्याजोगी गोष्ट कळल्यावर त्याने ती नाकारली नाही. अजाणतेपणी घेतलेल्या वस्तूचा दोष माणसाला लागत नाही. पण कळल्याक्षणी अजाणतेपणा संपतो, आणि तिथून पुढचा प्रत्येक दिवस त्याच्या स्वतःच्या खाती लिहिला जातो.

मात्र इथे एक अडचण आहे, आणि ती मी टाळणार नाही. बाकमन प्रसिद्ध होता, म्हणून त्याच्या गिटारीची गाठ कोणी शोधली. माझ्या विद्यार्थ्याच्या गिटारीवर ज्याने नाव कोरले, त्याला कोण शोधणार? ती गिटार १९८० नंतरच्या दशकातली. १९८२ साली फेंडरने जपानी भागीदारांसह तिथे कंपनी काढली आणि मात्सुमोतोच्या फुजिगेन कारखान्यात गिटारी बनू लागल्या, त्यांपैकी ती एक. तेव्हा कोणा शाळकरी पोराने ती हट्टाने घेतली असेल. पुढे का विकली? कंटाळा आला म्हणून, की नोकरी गेली म्हणून? की तो गेला, आणि मागे राहिलेल्यांनी अडगळ काढली? चोरी नसेल, पण नड असू शकते. आणि एखाद्याच्या नडीमुळे वस्तू स्वस्त मिळाली, तर तो लाभ निर्मळ म्हणावा काय?

आपल्या पिढ्यांना हा प्रश्न परका नाही. अडचणीच्या काळात पाटल्या गेल्या, तांब्या-पितळेची भांडी मोडीच्या भावाने गेली, अशी हकीकत नसलेले घर विरळा. ती भांडीही कोणीतरी घेतलीच, आणि त्यात त्याने पाप केले असे मी म्हणत नाही. कोणीच घेतली नसती, तर विकणाऱ्याच्या घरी त्या रात्री चूल पेटली नसती. आमच्या गावी एका कीर्तनकारांच्या पश्चात त्यांची पेटी अशीच विकली गेली. घेणाऱ्याने भावात घासाघीस केली नाही, आणि दर वर्षी बुवांच्या तिथीला तो ती पेटी त्यांच्या घरी नेऊन भजनाला वाजवत असे. मालकी त्याचीच होती, त्याबद्दल कोणाच्या मनात शंका नव्हती. पण ती पेटी कुठून आली हे तो विसरला नव्हता. नडीची वस्तू घेणाऱ्याकडे मागण्यासारखे एवढेच आहे: योग्य भाव द्यावा, आणि विसरू नये.

ह्या विसरण्याच्या यादीत माणसांबरोबर झाडेही येतात. जुन्या अमेरिकन गिटारींच्या पडद्यांखालची काळसर पट्टी ब्राझीलच्या शिसवीची असे. ते झाड इतके तोडले गेले, की १९९२ साली त्याच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर जवळजवळ बंदी आली. तशी पट्टी असलेली गिटार परदेशी दुकानातून मागवायची, तर आजही परवान्याचे कागद लागतात. ब्राझीलचे लाकूड दुर्मिळ झाले तेव्हा कारखान्यांनी मोर्चा वळवला तो आपल्या शिसवीकडे. सह्याद्रीच्या रानात वाढणारी, आपल्या आजोबांच्या पलंगा-कपाटांची ही शिसव अशी जगभरच्या गिटारींत जाऊन बसली. २०१७ साली शिसवीच्या साऱ्या कुळावरच निर्बंध आले, आणि २०१९ साली तयार वाद्यांना त्यांतून बरीचशी सूट मिळाली. जुनी गिटार घेण्यात निदान एक पुण्य आहे खरे: तिच्यासाठी नवे झाड पडत नाही.

मग माझ्या विद्यार्थ्याला मी काय उत्तर दिले? मी लिहिले, की नाव घासण्याचा तुला पुरता हक्क आहे. क्लॅप्टनने तीन गिटारी मोडून एक केली, त्यात काही अधर्म झाला नाही. वाद्य वाजवणाऱ्याचे असते, आणि पेटाऱ्यात बंद करून भाव चढण्याची वाट पाहणाऱ्यापेक्षा तिला खरवडून, रंगवून रोज वाजवणारा मला केव्हाही जवळचा वाटतो. पण नाव घासल्याने गिटार तुझी होणार नाही. ती तुझी होईल तुझ्या बोटांनी पडदे झिजतील तेव्हा. पैशाने तू तिचे पुढचे दिवस घेतलेस. मागचे दिवस विकायला नव्हतेच, आणि ते तुझ्याबरोबर आले म्हणून तुझे काही कमी होत नाही.

एवढे लिहून झाल्यावर मला वाटले, की हे केवळ गिटारीला का लागू असावे? आपल्या ताब्यात जे आहे, त्यातले किती आपण कोरे करकरीत घेतले? घर कोणाकडून तरी घेतले, शेत कोणीतरी आधी कसले, शाळेतल्या ज्या खुर्चीवर मी बसतो तिच्यावर आधी दुसरे मास्तर बसत होते. आपण बोलतो ती भाषासुद्धा वापरलेलीच, हजारो तोंडांनी झिजवून आपल्या हाती दिलेली. ह्या सगळ्याचे आपण धनी आहोत, पण मधले धनी. आपल्यामागूनही कोणी येणार आहे. तेव्हा त्या वस्तूला जी चिठ्ठी बांधली जाईल, तिच्यावर आपल्या काळातले ओरखडे खरे खरे लिहावेत, आणि शक्य झाले तर एक ओळ अशीही असावी, की वस्तू चालू स्थितीत आहे.